स्किन, सीनरी आणि जुनी झाडं: जमवून उपयोग काय?

दाभोळखाडी:
क्लॅश ऑफ क्लॅन्स या गाव बांधायच्या आणि हल्ले करायच्या मोबाइल गेममधला आमचा क्लॅन (खेळाडूंचा गट) बहुतेक गुहागर-दापोली-चिपळूणचा, चारपाच जण नोकरीला मुंबईत. सध्या एकाच गोष्टीवरून जुंपलीय. एका पोराच्या भिंती निम्म्या सोनेरी, निम्म्या जांभळ्या. राणी (खेळातली एक हिरो) तळाच्या लेव्हलवर. आणि पठ्ठ्यानं नवी सीनरी (गावाभोवतीचा देखावा) विकत घेतली! वॉरमध्ये (दुसऱ्या क्लॅनशी लढाईत) हल्ला केला तो तीनपैकी एका स्टारवर आटोपला.

माझं म्हणणं सरळ आहे. स्किननं, म्हणजे नव्या पोशाखानं, हिरोचा एक हिटपॉइंट (मार सोसायची ताकद) वाढत नाही. 2019 मध्ये गोल्ड पास (पैसे देऊन घ्यायचा महिन्याचा पास) आला तेव्हापासून दर महिन्याला कुणाला तरी नवा पोशाख येतोच आहे. आत राजा तोच, मारतो तेवढंच. वर ‘ही शेवटची संधी’ म्हणून घाई करायची, आणि काही महिन्यांनी तीच स्किन दुकानात परत दिसते. हे जमवणं नव्हे, खिसा मोकळा करणं आहे. पैसे घालायचेच असतील तर आधी पाचवा बिल्डर (गावात बांधकाम करणारा) घ्या. त्याच्या झोपडीला 2000 जेम्स (खेळातले हिरे) लागतात, पण तो रोज कामाला येतो.

काजूबी:
गोल्ड पास मी बांधकामासाठी घेते. वेळेत आणि खर्चात 20 टक्क्यांपर्यंत सूट मिळते, लॅबमध्येही (सैन्य सुधारतात तिथे) मिळते. स्किन त्याच्यासोबत येते. आलेली फेकून देऊ का?

मालवणी_जायंट:
रे बाबा, तुका कोणी सांगल्यान घे म्हणान?

गणपतीला मखर करतो तेव्हा कुणी विचारतं का, यानं मूर्तीत काय फरक पडला? माटवीला (गणपतीवरच्या छताला) कवंडाळ, कांगलं असली रानफळं बांधायला माणसं रानात जातात ती कुठल्या हिशेबानं? डोळ्याला बरं वाटतं म्हणून. गाव माझं आहे, दिवसातून दहादा उघडतो, मग ते मला आवडेल असं दिसायला नको?

आणि जमवणं म्हटलं की सगळे विकतच्या स्किनवरच का घसरतात? माझ्या गावाच्या वरच्या कोपऱ्यात नाताळची झाडं आहेत, वर्षवार लावलेली. पहिलं 2013 चं. अँड्रॉइडवर खेळ आला त्या ऑक्टोबरमध्ये, म्हणून त्याच्या आधीचं माझ्याकडे असणं शक्यच नाही. 2012 चं झाड तेव्हाच्या आयफोनवाल्यांकडे. ही झाडं डिसेंबरात आपोआप उगवतात, एक रुपया लागत नाही. पण एकदा तोडलं की संपलं, ते परत उगवत नाही. मधे दोन झाडं भलत्या जागी उगवली होती, ती शोव्हल (झाडं हलवायचं खेळातलं फावडं) वापरून ओळीत आणून ठेवली. कोणी हल्ल्याला आला की त्याला बेस बघायला 30 सेकंद मिळतात, त्यात हा कोपरा दिसतोच. 2013 पासूनचा जुना माणूस आहे हे त्याला सांगावं लागत नाही.

टाऊनहॉल_तेरा:
दिसतो ना. मग तीन स्टार घेऊन जातो.

चेष्टा सोडा. झुडपं-दगड साफ केले की प्रत्येकी शून्य ते सहा जेम्स मिळतात, आणि आठ तासांनी नवीन उगवतं. गाव भरलेलं असेल तर उगवायला जागाच उरत नाही. नवीन पोरं तुमचं बघून साधी झुडपंसुद्धा ‘शोभेला’ राखून ठेवतात आणि मग बिल्डरला जेम्स नाहीत म्हणून रडतात.

सीनरीचं तर बोलूच नका. समोरच्यानं गडद सीनरी लावली की सैन्य सोडायची लाल रेघ कडेला नीट दिसत नाही. पाऊस लागून लाइट गेलेली, फोनला पंधरा टक्के चार्ज, ब्राइटनेस कमी केलेला, अशात हल्ला मारून बघा. नुसती शोभा म्हणता, पण त्रास समोरच्याला होतो.

मालवणी_जायंट:
साध्या झुडपांचं मान्य. ती मीपण तोडतो. मी सणाच्या झाडांबद्दल बोलतोय.

शिंपली:
मला सीनरी आवडते ती गाण्यासाठी. बऱ्याच सीनरींचं स्वतःचं संगीत असतं, हे कोणी लिहिलंच नाही. रात्री सगळं आवरून झालं की आवाज बारीक ठेवून दहा मिनिटं गाव बघते. हल्लाबिल्ला काही करत नाही. ह्याला पैसे वाया म्हणायचं तर म्हणा.

एकच सांगते, लहान मुलांच्या हातात फोन असेल तर खरेदीला पासवर्ड लावा. चर्चा नंतर.

दाभोळखाडी:
शिंपलीताई, तुम्ही कमावता, तुम्ही घ्या. माझा राग त्या पोरावर आहे, ज्याला अजून बापाच्या पैशानं रिचार्ज होतो.

आणि ‘माझं’ शब्दाबद्दल जरा. विकत घेतलेली स्किन आपल्या मालकीची नसते. अटींमध्ये लिहिलंय की ती वापरायची फक्त परवानगी आहे. अकाउंट विकणंही चालत नाही. उद्या खेळ बंद झाला तर स्किन गेली आणि मालवणकरांची 2013 ची झाडंही गेली.

मालवणी_जायंट:
मखर विसर्जनानंतर किती दिवस ठेवता?

काजूबी:
😂 ह्याला उत्तर द्या.

दाभोळखाडी:
मखर घरी होतं, चार माणसं मिळून करतात. दुकानात ‘दोन दिवस उरले’ अशी पाटी लावून कोणी विकत नाही.

टाऊनहॉल_तेरा:
थर्माकोलवर बंदी आल्यापासून तयार मखरं विकतात की. दिवस कमी राहिले की भावपण वाढतात.

शिंपली:
सिंधुदुर्ग किल्ल्याची सीनरी काढली तर मी पहिल्या दिवशी घेईन. चहूबाजूंनी समुद्र, तटाला लाटा, मधे आपला टाऊन हॉल. 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला आहे, त्यांच्या कुठल्याही कल्पनेतल्या वाड्यापेक्षा भारी दिसेल.

दाभोळखाडी:
मालवणच्या जेटीवरून होडीनं जा आणि खरा बघा. तिकीट सीनरीपेक्षा स्वस्त पडेल.

शिंपली:
पावसाळ्यात होड्या बंद असतात, दादा.

काजूबी:
वाद चालू द्या, पण वॉर सुरू झालंय आणि दाभोळखाडी, तुमचे दोन्ही हल्ले बाकी आहेत. स्किन न घालताच मारा, पण मारा.