मोरीखालचं छत ओलं: आत लाकूड की काँक्रीट?

गॅलरीवाला: गिरगावातली तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ, उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणारी), 'अ' वर्ग. दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीच्या बरोबर खाली, भिंतीलगत छताला पोपडे आलेत. पावसाळा सरला तरी डाग वाळत नाही. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींसारखं काँक्रीट असेल का? कंत्राटदार म्हणतो, खालून सिमेंटचा गिलावा मारू, वर टाइल बसवू.

कडीपाट: बीडीडी चाळी १९२० नंतरच्या, आणि त्या फक्त वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे. 'अ' वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत, त्यावरून एवढंच कळतं. डागापासून लांबचं छत बघा. समांतर कड्या आणि वर फळ्या असतील तर कडीपाट. लोखंडी गर्डरांच्या मधे दगडी लादी दिसली तर लादी-कोबा, म्हणजे लादीवर कुटून घातलेला कोब्याचा थर. गर्डरवर कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं. 'डॉर्मन लाँग' असेल तर विलायती माल. 'टाटा' असेल तर तो १९१२ च्या आधीचा नाही, टाटांचं पोलाद त्याच वर्षी निघू लागलं. पण गर्डर मागाहून दुरुस्तीत घातलेलाही असतो, तेव्हा त्यावरून चाळीचं वय काढू नका.

गॅलरीवाला: कड्या आणि फळ्या आहेत. भिंतीत गेलेली एक जाड तुळईही.

चुन्याची घाणी: मग सिमेंट अजिबात नको. चुन्यातली भिंत ओल बाहेर सोडते. वर सिमेंट चढलं की ती आतच कोंडते आणि तुळईच्या टोकात मुरते. तुळई मधे ठणठणीत दिसते, सडतं ते भिंतीतलं टोक. भिंतीलगतच्या पहिल्या फुटात स्क्रूड्रायव्हर खुपसा. चांगल्या सागात त्याचं टोक जेमतेम रुततं.

गॅलरीवाला: बोटभर गेला, भुसाही पडला.

चुन्याची घाणी: आजच मोरीचं पाणी बंद करा आणि टेकू द्या. टेकू नुसता खालच्या खोलीत उभा केला तर सगळा भार तिथल्या तक्तपोशीवर, म्हणजे फळ्यांच्या जमिनीवर येतो. एकाखाली एक असे थेट जमिनीपर्यंत उतरवा, प्रत्येकाच्या वर-खाली जाड फळी. बाकी तुळई टणक असेल तर ती बदलायची गरज नाही. सडका भाग कापून दोन्ही अंगांना सी-चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराचे लोखंडी पट्टे), आरपार बोल्ट. मापं मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. नवं टोक दगडी बैठकीवर टेकवा आणि बाजूंना इंचभर फट ठेवा, चिणून टाकलंत तर पुन्हा तेच.

कडीपाट: मोरीतला जुना कोबा पूर्ण काढायला लावा. एकावर एक तीन थर निघाले तरी नवल नाही, आणि इंचभर जाडीला चौरस मीटरमागे ५० किलोच्या आसपास ओझं बसतं. नहाणी ट्रॅप (मोरीचं पाणी जिथून खाली जातं ते जाळीखालचं भांडं) बदला, उतार त्याच्याकडे द्या. टाइल लावण्याआधी ट्रॅप बुजवून ४८ तास पाणी तुंबवून ठेवा आणि खालून बघा. कंत्राटदार नेमकं हेच टाळतात.