रास्पबेरी पाय ४ वर लिब्रेएलेक : चित्र अडखळते, हार्ड डिस्क गायब होते, बोर्ड कमी पडतो आहे का?

सुटा_स्क्रू

नमस्कार. टीव्हीला कायम जोडून ठेवता येईल असे छोटे मीडिया सेंटर करावे, म्हणून मी रास्पबेरी पाय ४ (४ जीबी) हा छोटा संगणक-बोर्ड घेतला. आधी त्यावर रास्पबेरी पाय ओएसची डेस्कटॉप आवृत्ती घालून त्यातच कोडी (चित्रपट व गाणी चालवणारे सॉफ्टवेअर) चालवून पाहिले. परंतु चित्रपट पाहण्यासाठी दर वेळी माउस हाती घ्यावा लागणे सोयीचे वाटेना. गेल्या आठवड्यात इमेजर (कार्डावर प्रणाली उतरवणारा प्रोग्रॅम) वापरून ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर लिब्रेएलेक १२, म्हणजे कोडी चालवण्यापुरतीच बेतलेली प्रणाली, उतरवले. आता बोर्ड सुरू केला की थेट कोडी २१ समोर येते, टीव्हीच्याच रिमोटने सारे चालते, आणि इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

अडचण चित्रपट सुरू केल्यानंतरची आहे. माझी अडीच इंची यूएसबी हार्ड डिस्क बोर्डाच्या निळ्या पोर्टला जोडलेली असून तिला वेगळा वीजपुरवठा नाही. अर्धापाऊण तास झाला की चित्र थिजते आणि डिस्क यादीतून नाहीशी होते. दोनदा तर बोर्डच आपोआप पुन्हा सुरू झाला. शिवाय माझ्याकडच्या काही ४के फाइली अगदी सुरळीत चालतात आणि काही मात्र एकेक चित्र सरकवल्यासारख्या दिसतात, जरी फाइलींचा आकार जवळपास सारखाच आहे. याखेरीज दृश्यात कॅमेरा आडवा फिरू लागला की चित्र बारीक हिसके देत सरकते, आणि हे साध्या १०८०पी चित्रपटांतही होते.

वीजपुरवठ्यासाठी मी फोनचा चार्जर वापरतो. त्यावर ५ व्होल्ट, ३ अँपिअर असे छापलेले आहे. डेस्कटॉप आवृत्ती असताना कोपऱ्यात कमी व्होल्टेजची सूचना अधूनमधून येत असे. लिब्रेएलेक घातल्यापासून ती एकदाही आलेली नाही, म्हणून तो प्रश्न मिटला असे मी धरून चाललो आहे. एका जुन्या लेखात ओएमएक्सप्लेयर (पायसाठीचा जुना व्हिडिओ प्लेयर) सुरू करावा आणि एमपेग-२ या व्हिडिओ-प्रकाराची परवाना-किल्ली विकत घ्यावी असे सुचवले आहे, परंतु तसा पर्याय मला कोडीमध्ये कुठेच सापडला नाही. बोर्डच कमी पडत असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

तांब्याची_तार

बोर्ड कमी पडत नाही. आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारींची कारणे निरनिराळी आहेत. त्या एकाच वेळी उद्भवल्यामुळे संशय बोर्डावर गेला. मी फक्त डिस्कबद्दल लिहितो, कारण वीज स्थिर झाल्याशिवाय बाकीच्या कोणत्याही चाचणीवर भरवसा ठेवता येणार नाही.

सूचना दिसेनाशी झाली म्हणजे व्होल्टेज सुधारले, हा निष्कर्ष चुकीचा आहे. डेस्कटॉपमध्ये ती सूचना पडद्यावर आणणारा एक घटक होता, इतकेच. व्होल्टेजवर नजर ठेवणारे सर्किट बोर्डावरच असते. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते नोंद करते आणि प्रोसेसरचा वेगही उतरवला जातो. लिब्रेएलेकमध्ये एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) सुरू करून कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी पाहिल्यात तर ‘अंडरव्होल्टेज’ हा शब्द बहुधा सापडेल. पण त्याआधी एक सोपी परीक्षा करून पाहा. बोर्डावरचा लाल दिवा हा केवळ बोर्ड चालू असल्याची खूण नाही. पाय ४ वर व्होल्टेज त्या मर्यादेखाली घसरले की तो विझतो. डिस्क फिरायची थांबलेली असताना खोलीत अंधार करा, बोर्डाजवळ बसा आणि एखादा चित्रपट सुरू करा. डिस्क घरघरत फिरू लागते त्याच क्षणी लाल दिव्याची उघडझाप झाली, तर दोषी कोण याबद्दल शंका उरणार नाही.

चार्जरवर ३ अँपिअर लिहिलेले असूनही असे का व्हावे? बहुतेक वेळा त्याचे उत्तर वायरीत असते. समजा, आपल्या लांब आणि बारीक वायरीचा जाण्यायेण्याचा मिळून रोध ०.३ ओहम आहे आणि बोर्ड व डिस्क मिळून १.५ अँपिअर खेचत आहेत. वायरीतच ०.४५ व्होल्ट खर्च होतात, आणि चार्जरने इमानदारीने पाच व्होल्ट दिले तरी बोर्डापर्यंत ४.५५ च पोहोचतात. रास्पबेरी पायसाठी मिळणारा अडॅप्टर मुळात ५.१ व्होल्टचा असतो आणि त्याची वायर त्यालाच पक्की जोडलेली असते, ते याच कारणासाठी. जलद चार्जिंगचे जास्त वॅटचे चार्जर पाहून भुलू नये; ते व्होल्टेज वाढवून फोनला अधिक वीज देतात, पाय ४ मात्र पाचच व्होल्ट घेतो, तेव्हा त्या चार्जरवर ५ व्होल्टच्या ओळीपुढे किती अँपिअर लिहिले आहेत तेवढेच पाहावे.

अडॅप्टर बदलला तरी आणखी एक मर्यादा राहतेच. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात, आणि अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना एकटीच त्यातला मोठा वाटा मागते. म्हणून माझे मत असे की डिस्क स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीवर) न्यावी. काही हब बोर्डाकडेच उलटी वीज ढकलतात, हे मी स्वतः अनुभवले आहे; बोर्डाचा प्लग काढल्यावरही हबमुळे लाल दिवा जळत राहिला, तर तो हब या कामाचा नाही.

नवी_आवृत्ती

इतकी खटपट करण्यापेक्षा पाय ५ घ्यावा, असे मी सुचवेन. तो पाय ४ पेक्षा दुपटीहून अधिक वेगवान आहे आणि कोडीचे मेनूही त्यावर अधिक चपळ चालतात.

रात्रीचा_प्रेक्षक

पाय ५ चांगला आहे याबद्दल दुमत नाही, परंतु या धाग्यातल्या तक्रारींवर तो उपाय नव्हे. त्याला पूर्ण ताकदीसाठी ५ व्होल्टला ५ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. ३ अँपिअरचा लावला तर तो यूएसबी पोर्टांचा एकूण प्रवाह ६०० मिलिअँपिअरवर आणून ठेवतो, म्हणजे प्रश्नकर्त्यांची डिस्क आजच्यापेक्षाही आधी मान टाकेल. शिवाय पाय ५ मध्ये एच.२६४ (व्हिडिओ आवळून ठेवण्याचा एक प्रकार) साठी हार्डवेअर डिकोडर, म्हणजे तो उलगडणारा खास भाग, ठेवलेलाच नाही. ते काम प्रोसेसर करतो, आणि १०८०पी पर्यंत सहज करतो, हा भाग वेगळा.

आता ४के फाइलींविषयी. ‘४के’ हा केवळ चित्राचा आकार झाला. ते चित्र कोणत्या पद्धतीने आवळून ठेवले आहे, त्यावर सारे अवलंबून असते. पाय ४ चे हार्डवेअर एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हा प्रकार ४के ला सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत (सुट्या चित्रांपर्यंत) उलगडते, अगदी १०-बिट (रंगांच्या अधिक छटांचा) असला तरी. एच.२६४ मात्र ते १०८०पी पर्यंतच उलगडते. ४के आकाराची एच.२६४ फाइल दिली की सगळे ओझे प्रोसेसरवर पडते आणि आपण वर्णन केलेले दृश्य दिसते. अंदाज बांधत बसण्याची गरज नाही. यूएसबी कीबोर्ड जोडा आणि चित्रपट सुरू असताना ‘ओ’ ही कळ दाबा. पडद्यावर माहितीची चौकट उघडते. तिच्यात डिकोडरच्या नावापुढे कंसात ‘एचडब्ल्यू’ असेल तर काम हार्डवेअर करत आहे, ‘एसडब्ल्यू’ असेल तर प्रोसेसर. अडखळणाऱ्या फाइलींवर ‘एसडब्ल्यू’ दिसले, तर त्या मोठ्या संगणकावर हँडब्रेकसारख्या प्रोग्रॅमने एचईव्हीसीमध्ये रूपांतरित कराव्यात. दर्जा किंचित उतरतो, म्हणून मूळ फाइली लगेच पुसू नयेत.

आडव्या हिसक्यांचा वीज किंवा डिकोडर यांच्याशी संबंध नाही. बहुतेक चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचे असतात आणि आपला टीव्ही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करत, चालत असणार. चोवीसने साठाला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, पुन्हा एक तीनदा अशी दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथपणे फिरत असताना हा लंगडा ठेका डोळ्यांना जाणवतो. कोडीच्या सेटिंगमध्ये ‘प्लेयर’ आणि त्यात ‘व्हिडिओज’ येथे टीव्हीचा रिफ्रेश रेट व्हिडिओनुसार बदलण्याचा पर्याय आहे; तो ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’वर ठेवा. पर्याय दिसत नसेल तर खाली डाव्या कोपऱ्यातून सेटिंगची पातळी ‘एक्सपर्ट’ करा. मेनूचे रिझोल्यूशन १०८०पी राहू द्यावे आणि ‘सिस्टिम’मधील ‘डिस्प्ले’ विभागात व्हाइटलिस्टमध्ये (वापरायची मुभा असलेल्या मोडच्या यादीत) ४के चे २४ हर्ट्झचे मोड निवडावेत, म्हणजे मेनू हलका राहतो आणि चित्रपट तेवढा ४के मध्ये उघडतो. टीव्हीची वायर यूएसबी-सी पोर्टच्या लगतच्या एचडीएमआय पोर्टलाच असू द्यावी.

त्या जुन्या लेखाचे म्हणाल, तर तो बाजूला ठेवावा. एमपेग-२ ची किल्ली पाय ३ पर्यंतच्या बोर्डांना लागत असे. पाय ४ वर ते काम प्रोसेसर विनासायास करतो. ओएमएक्सप्लेयरचा आधार २०२१ मध्ये आलेल्या कोडी १९ मध्येच काढून टाकला गेला, त्यामुळे तो पर्याय आपल्याला सापडणे शक्यच नव्हते. लेखात कोडीऐवजी एक्सबीएमसी हे नाव दिसले, तर तो २०१४ मधील नामांतराच्या आधीच्या वळणाचा आहे असे समजावे.

सुटा_स्क्रू

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री दिवे मालवून बोर्डासमोर बसलो. डिस्कने पहिला आवाज केला आणि लाल दिवा विझला, पेटला, पुन्हा विझला. इतके दिवस तो माझ्यासमोरच होता, मी कधी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. आज ५.१ व्होल्टचा अडॅप्टर आणि वीजपुरवठ्याचा हब आणला. त्यानंतर सलग दोन चित्रपट डिस्क न सुटता पूर्ण झाले. ‘ओ’ दाबल्यावर अडखळणाऱ्या चारही फाइलींपुढे ‘एच२६४’ आणि ‘एसडब्ल्यू’ हेच दिसले, आणि त्यातल्या तीन तर मीच कॅमेऱ्याने टिपलेल्या निघाल्या. रिफ्रेश रेट बदलल्यापासून हिसके गेले आहेत; चित्रपट सुरू होताना दोन-तीन सेकंद पडदा काळा होतो, पण ते मला चालेल.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. डिस्कचे काम सुरू असताना बिनतारी कीबोर्डच्या कळा मधूनमधून लागत नाहीत, ते कशामुळे? आणि रात्री बोर्डाचा स्विच थेट बंद केला तर चालते का?

तांब्याची_तार

कीबोर्डचा रिसीव्हर निळ्या पोर्टजवळ असणार. यूएसबी ३.० च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निर्माण होतो आणि कीबोर्डचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशन वायरीवर दोन वीत लांब न्यावा. नाहीतर हबच काळ्या, म्हणजे यूएसबी २.० पोर्टला लावावा. त्या पोर्टचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात त्याहून कमी मिळाला तरी चित्रपटाला तो पुरून उरतो. फक्त फाइली डिस्कवर चढवायला वेळ लागेल.

स्विच थेट बंद करू नका. लिब्रेएलेकची मूळ प्रणाली कार्डावर केवळ वाचता येईल अशा स्वरूपात असते, म्हणून ती सहसा बिघडत नाही. पण कोडीची लायब्ररी आणि आपली सेटिंग्ज कार्डाच्या दुसऱ्या विभाजनावर (वेगळ्या राखलेल्या भागावर) सतत लिहिली जात असतात, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर लायब्ररी खराब होऊ शकते. मेनूतून ‘पॉवर ऑफ’ निवडा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू द्या आणि मग स्विच बंद करा. लिब्रेएलेकच्या सेटिंगमध्ये बॅकअपचा पर्याय आहे. तो आजच एकदा घेऊन फाइल हार्ड डिस्कवर ठेवा. आणि हे कार्ड कधी विंडोजच्या संगणकात घातले, तर ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असे विचारले जाईल, कारण ते दुसरे विभाजन विंडोजला वाचता येत नाही. तिथे ‘कॅन्सल’ दाबा.