एमकॅटचं फिजिक्स कोर्सशिवाय: ‘आयुष्याशी खेळ’ म्हणणाऱ्यांसाठी

रात्रपाळी
काल इथे कुणीतरी ठणकावून सांगितलं की कॉलेजात दोन सेमिस्टर फिजिक्स केल्याशिवाय एमकॅटला, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल स्कूल्सच्या प्रवेशपरीक्षेला, बसणं म्हणजे आयुष्याशी खेळ, आणि घरी बसून शिकणारे सगळे ‘सूत्रं घोकणारे पोपट’. डोकं फिरलं म्हणून लिहितेय.

आधी हिशोब करा. केम-फिज (केमिस्ट्री आणि फिजिक्सच्या) विभागात 59 प्रश्न, 95 मिनिटं. त्यात फिजिक्स साधारण पाव हिस्सा, म्हणजे पंधराएक प्रश्न. अख्ख्या पेपरात प्रश्न 230. पंधरा प्रश्नांसाठी वर्षभर वर्गात बसा, फी भरा आणि कॅल्क्युलसने काढलेल्या सिद्धता उतरवून घ्या! पेपरात कॅल्क्युलस नाहीच. पेपर विचारतो की धमनीची त्रिज्या निम्मी झाली आणि दाबातला फरक तोच राहिला, तर प्रवाह किती? नळीतून द्रव किती वाहेल हे सांगणाऱ्या पॉइझीच्या नियमात त्रिज्येचा चौथा घात येतो, म्हणून सोळावा हिस्सा. झालं.

मी इतिहासाची पदवीधर. नोकरी सांभाळून रात्री अभ्यास केला. परीक्षेची अधिकृत विषययादी समोर ठेवली आणि त्यात नाही ते उघडलंच नाही. द्रव, भिंगं, सर्किट, ध्वनी, किरणोत्सार यांवर सगळ्यात जास्त वेळ घातला. त्या विभागात माझे मार्क गेले ते ऑरगॅनिक केमिस्ट्रीमध्ये, आणि ऑरगॅनिक मी रीतसर कोर्स करून शिकले होते!

शून्य_पोकळी
पोपट मीच म्हणालो होतो, पुन्हा म्हणतो. मी शिकवण्या घेतो, अशी मुलं नेहमी बघतो. तुमच्याच धमनीचं उदाहरण घेऊ. मध्येच एका जागी चरबी साठून ती अरुंद झाली. तिथे रक्ताचा वेग वाढेल की घटेल? सातत्याचं समीकरण (क्षेत्रफळ गुणिले वेग सगळीकडे सारखा) म्हणतं वाढेल. तुमचा पॉइझी म्हणतो घटेल. पोपट इथे लटकतो. एकूण प्रवाह घटतो, पण जो काही उरतो तो अरुंद जागेतून जास्त वेगाने जातो. प्रवाह आणि वेग या दोन वेगळ्या राशी आहेत, हे कार्डावर लिहून डोक्यात शिरत नाही. कुणीतरी तुमचा पेपर लाल शाईने रंगवावा लागतो.

रात्रपाळी
अहो साहेब, तुम्हीच ते चार ओळींत समजावलंत की! सेमिस्टर कुठे लागलं?

शून्य_पोकळी
समजावलं तेव्हा समजलं ना? तेच म्हणतोय.

लिंबूटिंबू
दोघेही भलत्याच गोष्टीवर भांडताय. परीक्षेला बसायला कोणताच कोर्स सक्तीचा नाही. पण कित्येक मेडिकल स्कूल्स प्रवेशासाठी वर्षभराचं फिजिक्स मागतात, तेही लॅबसकट. यादीतल्या कॉलेजांना ते हवं असेल तर कोर्स करायचाच आहे, फक्त परीक्षेआधी की नंतर एवढाच प्रश्न. मी नंतर केला. लॅबमध्ये आमचा पार्टनर फोन बघायचा आणि रिपोर्ट मी लिहायचे, एवढंच ‘शिक्षण’ आठवतंय.

जाऊ दे. मला कुणी एक सांगेल का, या परीक्षेत कॅल्क्युलेटर का देत नाहीत? माझा सगळा वेळ दशांशचिन्हं हलवण्यात गेला.

जुनाट
कॅल्क्युलेटर कशाला हवा? आम्हाला पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ होती. हल्लीच्या पोरांना बाराचा पाढा येत नाही आणि निघालेत डॉक्टर व्हायला.

लिंबूटिंबू
काका, पावकीने पेशीपटलातलं विद्युतक्षेत्र काढून दाखवा. 70 मिलिव्होल्ट, जाडी 7 नॅनोमीटर.

जुनाट
दहाचा सातवा घात, व्होल्ट प्रति मीटर. पुढचा?

तिरपी_रेघ
सात सातने गेले म्हणून जमलं हो काका. प्रोटॉनचा विद्युतभार 1.6 गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलंब, तो घेऊन बसा मग बघू.

जुनाट
1.6 म्हणजे दीडच्या जरा वर. दीड धरायचं, उत्तर किंचित वाढवायचं. पर्याय चारच असतात आणि बरेचदा चांगले लांब लांब असतात. g, म्हणजे गुरुत्वत्वरण, सुद्धा 10 धरा. 9.8 ने भागत बसणारा वेळेत संपवणार नाही, त्याने कितीही कोर्स केले असोत.

रात्रपाळी
काकांचं हे मात्र खरं. असा अंदाज मला कुठल्या कोर्सात कुणी शिकवला नव्हता.

शून्य_पोकळी
धागा फिजिक्सचा आहे, पाढ्यांचा नाही! अंदाज कुठल्या सूत्रात घालायचा हे आधी कळायला हवं. दूरबिंदू (स्पष्ट दिसणारं सगळ्यात लांबचं अंतर) 50 सेंटीमीटरवर आलेल्या माणसाला कोणता चष्मा द्याल?

तिरपी_रेघ
उणे दोन डायॉप्टर, म्हणजे चष्म्याचा नंबर उणे दोन. मीही कोर्स केलेला नाही. मास्तर, तुमच्याकडे येतात ती अडलेलीच मुलं असणार. ज्यांचं घरी जमतं ती तुम्हाला फी द्यायला कशाला येतील?

शून्य_पोकळी
व्वा, आता माझ्या पोटावर आलात. बरं, घ्या. चुकलेला प्रत्येक प्रश्न का चुकला हे जो वहीत लिहितो, एकक जुळवून बघतो आणि उत्तराकडे आधी डोकावत नाही, त्याने खुशाल घरी शिकावं. असा भेटला तर माझ्याकडे पाठवा, मीच त्याच्याकडे शिकवणी लावतो.

लिंबूटिंबू
काका, हायड्रोजन आयनची संहती तीन गुणिले दहाचा उणे पाचवा घात. पीएच?

जुनाट
साडेचार. पुढचा?