कॅमेरावाल्याच्या अंगावर फौजी वर्दी : सोंग कसलं?

सांजवारा: दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कॅमेरामनच्या खाकी बॅटलड्रेसचा फोटो, बाहीवर सार्जंटच्या तीन फिती. त्याखाली काल एकाने लिहिलं, 'लढला नाही तर वर्दी कशाला? सोंग नुसतं.' डोक्यातून जाईना म्हणून हा धागा. अहो, वर्दी उसनी नव्हती. १९४१मध्ये ब्रिटिश लष्कराने स्वतःचं चित्रण पथक उभारलं. माणसं फौजेतलीच, पाइनवुड स्टुडिओत शिकवून आघाडीवर धाडलेली. कमरेला रिव्हॉल्व्हरसुद्धा असायचं.

काळाकातळ: ते मीच लिहिलंय. सैनिकाने काढलेली फिल्म म्हणजे सरकारी प्रचार. वार्ताहरांकडे हत्यार नसे, खांद्यावर 'वॉर करस्पाँडंट' अशी पट्टी असे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवीन.

सांजवारा: त्यांचा मजकूरही सेन्सॉरच्या हाताखालूनच जायचा! आणि बेल्सन या जर्मनीतल्या नाझी छळछावणीचं काय? एप्रिल १९४५मध्ये तिथले प्रेतांचे ढीग याच वर्दीतल्या माणसांनी टिपले. त्यातला सार्जंट माइक लुईस स्वतः ज्यू, आधी नेदरलँड्समधल्या अर्न्हेमच्या लढाईत जाऊन आलेला. बेल्सनचं चित्रण तिथल्या पहारेकऱ्यांवरच्या ल्यूनेबुर्गच्या खटल्यात दाखवलं गेलं. तोही प्रचार?

जुनारीळ: वर्दीचं सोडा, नावाचं बोला. याच पथकाच्या चित्रणातून झालेल्या 'डेझर्ट व्हिक्टरी' या युद्धमाहितीपटाला ऑस्कर मिळालं ते ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाच्या नावावर. इजिप्तमधल्या अल् अलामीनच्या लढाईत, वाळूत कॅमेरा धरणारे कुठे गेले? मी अठरा वर्षं एका वाहिनीसाठी कॅमेरा वाहिला. पुरात छातीभर पाण्यात उभं राहून दृश्यं काढली, पडद्यावर नाव बातमीदाराचं.

काळाकातळ: विषयांतर नको.

जुनारीळ: हाच विषय आहे! त्या सार्जंटचं नाव निदान फौजेच्या कागदावर तरी होतं. माझं बिलावर 'कॅमेरा – एक' एवढंच. त्या फितींना सोंग म्हणताना आधी हे बघा.

काळाकातळ: तुमचा राग माझ्यावर कशाला?

माळरान: माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, इटलीत होते. सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ला नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती लढाई आजोबा सांगायचे. घरात त्यांचा तिथला एकही फोटो नाही. कुणी कॅमेरा घेऊन त्यांच्यापुढे उभं राहिलं असतं, तर त्याच्या अंगावर काय आहे हे आज मी विचारलं नसतं.

काळाकातळ: बरं, 'सोंग' हा शब्द मागे घेतो. बेल्सनपुरताच. 'डेझर्ट व्हिक्टरी'तल्या रात्रीच्या हल्ल्याची काही दृश्यं स्टुडिओत रचली होती, ते विसरणार नाही.

जुनारीळ: रचलं त्याचा ठपका कॅमेरावाल्याच्या वर्दीवर आणि ऑस्कर मंत्रालयाला. वा रे न्याय!