सोलापूर ते हंपी सायकलने, ट्रेलर घ्यावा का पॅनियर?

प्रश्न
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मी आणि मिसेस दोन सायकलींवर हंपीला निघायचं म्हणतोय, विजापूर, आलमट्टी, इलकल, होस्पेट असा रूट, तीनेकशे किलोमीटर होतंय. तंबू, स्टोव्ह, कपडे, पाणी धरून दोघांचं सामान 25 किलोच्या आसपास जातंय. माझी हायब्रीड आहे, फ्रेमला कॅरिअर बसवायचे होल आहेत, तिच्या सायकलीला होलच नाहीत. मित्र म्हणतो सायकलीच्या मागं जोडायचा एकचाकी ट्रेलर घे आणि सगळं त्यात टाक. नाहीतर पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगा. तुमचं काय मत?

प्रतिसाद १
पॅनियरच घ्या ओ. अख्खा रस्ता डांबरी हाय. बॉब याकसारखा ट्रेलर रिकामाच 6 किलोच्या आसपास भरतो, वर तिसरं चाक 16 इंची, त्याची ट्यूब वेगळी न्यायची, आणि आपल्याकडं रस्त्याकडेला वेड्या बाभळीचे काटे किती असतेत ते सांगायला नको. चाक वाढलं की पंक्चर वाढलं. येताना रेल्वेनं आलात तर सायकल पार्सलला टाकावी लागते, तिथं ट्रेलरचं काय करणार?

प्रतिसाद २
16 इंची ट्यूब लहान पोरांच्या सायकलीला लागते की, कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते, त्याचं टेन्शन नको. ट्रेलरचा खरा फायदा मागच्या चाकाला होतो. आधीच अंगाचं वजन मागं जास्त, त्यात कॅरिअरवर 20-25 किलो टाकलं की स्पोक तुटायला लागतात, तेही चेनच्या बाजूचे, आणि ते बदलायला कॅसेट (मागच्या चाकाच्या गिअरचक्र्या) काढावी लागते, गावातल्या मेकॅनिककडं ते टूल नसतंय. ट्रेलरमध्ये निम्म्याहून जास्त भार त्याच्याच चाकावर जातो. पण उतारावर ताशी 40 च्या वर जाऊ नका, मागचं शेपूट हलायला लागतं. तुळजापूर घाट उतरताना हे लगेच कळतंय.

प्रश्नकर्ता
स्पोकचं ऐकून भीती वाटायली. मग पुढं पण पॅनियर लावू का?

प्रतिसाद ३
लावा, पुढं खाली लो-रायडरवर (पुढच्या चाकाशेजारच्या बुटक्या कॅरिअरवर) जड सामान ठेवा, म्हणजे मागचं चाक सुटतं आणि हँडल पण स्थिर राहतं. फक्त तुमच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना) होल आहेत का बघा. मागं बॅग एवढी सरकवून लावा की पायडल मारताना टाच लागायला नको. वहिनींच्या सायकलीला सीटपोस्ट बॅग आणि हँडल बॅग पुरे, त्यात कपडे जातात.
आणि मला विचाराल तर ट्रेलर-पॅनियरच्या आधी सामान कमी करा, माझं खरं म्हणणं तेच आहे. स्टोव्ह, भांडी, गॅस सगळं घरी ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, चार-पाच दिवस काही होत नाही, गरम जेवण रस्त्यावरच्या खानावळीत ज्वारीच्या भाकरीसकट मिळतं. विजापूर, इलकलला लॉज आहेत, तंबू पण सोडता येईल. मग दोघांत 12-13 किलो राहतं आणि मागच्या दोन पॅनियरमध्ये बसतंय. पाणी मात्र कमी करू नका, डिसेंबर असला तरी दुपारी ऊन लागतंच.

प्रतिसाद २
तंबू सोडला तर माझा पण पॅनियरलाच हात वर. ट्रेलर 25-30 किलो न्यायचं असलं तरच. निघायच्या आधी सामान भरून एकदा अक्कलकोटला जाऊन या, कॅरिअरचे बोल्ट सैल होतेत का ते तिथंच कळेल.