मदत हवी आहे: योझेफ विर्शिंग यांच्या नजरकैदेची नोंद कुठे मिळेल?

म्युनिकहून येऊन मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये रमलेले छायालेखक योझेफ विर्शिंग यांच्यावर लेख लिहितेय. 'अछूत कन्या' (१९३६) ते 'महल' (१९४९), पडद्यावरचा भाग जमलाय. अडलंय मधल्या वर्षांपाशी. महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन म्हणून इंग्रज सरकारनं त्यांना नजरकैदेत टाकलं, इतकं पक्कं. छावणी कोणती, सुटका कधी, याचा मूळ कागद हवाय. जुनी सिनेमासिकं आणि इंटरनेटवरचे लेख चाळून झाले (बरेचसे एकमेकांवरूनच उतरवलेले!). जर्मन मला येत नाही, दिल्लीला जाणंही सध्या शक्य नाही. मुंबईला दोनेक दिवस जाऊ शकते. तिथल्या पुराभिलेखागारात अशा नागरी नजरकैद्यांच्या याद्या कुणी स्वतः पाहिल्यात का? कोणत्या खात्याच्या फायली मागवायच्या?