मदत हवी आहे: शिया वाचकासाठी कुरआनचा कोणता इंग्रजी अनुवाद घ्यावा?

सर्वांना सलाम. रत्नागिरीत आमच्या ओळखीची बहुतेक मुस्लिम कुटुंबे शाफई (सुन्नींमधील एक विधिपरंपरा) सुन्नी असल्याने येथे विचारत आहे. माझी सून शिया असून तिला इंग्रजीतून कुरआन वाचायचे आहे. घरातील युसुफ अली यांच्या अनुवादात वुजूच्या (नमाजापूर्वीच्या शुद्धीच्या) आयतीत, म्हणजे ५:६ (अध्याय ५, आयत ६) मध्ये, पायांसाठी ‘धुवा’ हा शब्द कंसात घातला आहे, तर शिया मतानुसार पायांवर ओला हात फिरवायचा असतो. हा फरक तिला लगेच खटकला, आणि ते रास्तच आहे. अली कुली कराई यांचा मूळ अरबीशी वाक्यांशागणिक जुळवलेला अनुवाद घ्यावा, की आगा पूया यांच्या टिपा असलेला मीर अहमद अली यांचा? तिला अरबी येत नसल्याने टिपा मला अधिक मोलाच्या वाटतात. दोन्ही वाचलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.